ॲम्पियरला जागेने भागा: करंट, गंज आणि निकामी झालेले भाग

मेंटेनन्सला नव्याने लागलेल्याच्या हातात पहिल्याच आठवड्यात क्लॅम्प मीटर येतो. केबलला लावायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. साठ ॲम्पियर. आकडा बरोबर असतो, पण त्यावरून धातूचं काय होणार ते कळत नाही. हेच साठ ॲम्पियर तांब्याच्या जाड पट्टीतून गेले तर ती कोमटही होत नाही, आणि केबलच्या टोकाच्या ढिल्या लगमधल्या (धातूच्या कानामधल्या) चार-दोन स्पर्शबिंदूंतून जावं लागलं तर पॅनेल काळं पडतं. गंजाच्या बाबतीत तर एक मिलिॲम्पियरसुद्धा पाइपाला भोक पाडायला पुरतो. म्हणून मीटरचा आकडा वाचला की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: हा करंट सगळ्यात अरुंद कुठे होतो? ॲम्पियर भागिले तिथलं क्षेत्रफळ म्हणजे करंट डेन्सिटी. पुस्तकात तिला विद्युतधारा घनता म्हणतात, साइटवर कोणी म्हणत नाही.

मुंबईतल्या सोसायट्या, हॉटेलं, गोदी, पंपहाउस अशा ठिकाणी आयटीआय किंवा डिप्लोमा करून कामाला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. गणित भागाकाराच्या पुढे जात नाही.

पायरी १: एककं आधी सरळ करा

निम्मा गोंधळ इथेच होतो, कारण प्रत्येक धंद्याचं एकक वेगळं. पॅनेलवाला ॲम्पियर प्रति चौरस मिलिमीटरमध्ये बोलतो, वसईच्या गाळ्यातला प्लेटिंगवाला चौरस डेसिमीटरमध्ये, आणि गंजावर काम करणारे मिलिॲम्पियर प्रति चौरस मीटर किंवा मायक्रोॲम्पियर प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. दोन रूपांतरं भिंतीवर लिहून ठेवा. १ ॲम्पियर प्रति चौ. मिमी म्हणजे १० लाख ॲम्पियर प्रति चौ. मीटर. १ मायक्रोॲम्पियर प्रति चौ. सेंमी म्हणजे १० मिलिॲम्पियर प्रति चौ. मीटर.

अंदाजासाठी: तांब्याच्या बसबारला (पॅनेलमधली करंट नेणारी पट्टी) साधारण १.२ ते १.६ ॲम्पियर प्रति चौ. मिमी धरतात, ॲल्युमिनियमला १ च्या आत. तुमच्या मोबाइलच्या चिपमधल्या बारीक तारांत ही घनता १०,००० ॲम्पियर प्रति चौ. मिमीच्या घरात जाऊ शकते. तार वितळत नाही, कारण खालचं सिलिकॉन उष्णता ओढून घेतं. पण तिथे इलेक्ट्रॉनच धातूचे अणू ढकलत नेतात आणि तार एका जागी पोकळ होते. आयुष्य करंट डेन्सिटीच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात घटतं, हे जेम्स ब्लॅक या इंजिनिअरने १९६९ मध्ये सूत्रात मांडलं. आपल्या केबलमध्ये असलं काही होत नाही, निश्चिंत राहा.

पायरी २: करंट धातूतून पाण्यात कुठे उतरतो ते शोधा

तारेतून कितीही वर्षं करंट वाहिला तरी तांबं झिजत नाही. इलेक्ट्रॉन आले, इलेक्ट्रॉन गेले. धातूला फार तर ताप चढतो. पाणी, ओली माती आणि काँक्रीट यांत मात्र इलेक्ट्रॉन पुढे जात नाहीत, तिथे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, करंट वाहून नेतात. ज्या जागी करंट धातू सोडून पाण्यात उतरतो, तिथे तो धातूच विरघळवून सोबत नेतो. करंट धातूत शिरतो ती जागा उलट सुरक्षित राहते.

किती विरघळतो, याचा हिशेब फॅरेडेच्या नियमाने चोख लागतो. सगळा करंट धातू विरघळवण्यातच खर्च झाला तर १ ॲम्पियर वर्षभर वाहून सुमारे ९.१ किलो लोखंड खातो, तांबं १०.४ किलो, शिसं जवळजवळ ३४ किलो. तुम्हाला रोज लागेल तो आकडा असा: लोखंडावर १ मायक्रोॲम्पियर प्रति चौ. सेंमी म्हणजे वर्षाला ०.०११६ मिमी झीज. आता एक मिलिॲम्पियर घ्या आणि तो नखाएवढ्या, म्हणजे एक चौ. सेंमी जागेतून बाहेर पडू द्या. झीज वर्षाला ११.६ मिमी. पाइपाची साडेतीन मिलिमीटरची भिंत चार महिन्यांच्या आत आरपार. तोच मिलिॲम्पियर एक चौ. मीटरवर पसरला असता, तर हजार वर्षांत दीड मिलिमीटरही गेला नसता.

पायरी ३: दोन धातू एकत्र दिसले की त्यांचं क्षेत्रफळ मोजा

वेगवेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांची आपोआप बॅटरी होते. समुद्राच्या पाण्यातली उतरंड अशी: जस्त, ॲल्युमिनियम, साधं लोखंड, मग पितळ आणि तांबं, आणि शेवटी चांगल्या स्थितीतलं स्टेनलेस. यादीत आधीचा धातू झिजतो, नंतरचा वाचतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण 'स्टेनलेस आणि एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) एकत्र नको' एवढं पाठ करून भागत नाही, कोण मोठं आणि कोण लहान ते पाहावं लागतं.

गच्चीवर एक मीटर बाय एक मीटरचा स्टेनलेसचा पत्रा आहे आणि तो झिंक प्लेटिंगच्या साध्या बोल्टांनी बसवलाय असं धरा. बोल्टांचा उघडा भाग सगळा मिळून २० चौ. सेंमी. खारट ओलाव्यात पत्र्याच्या प्रत्येक चौ. सेंमीने फक्त १ मायक्रोॲम्पियर ओढला तरी एकूण १० मिलिॲम्पियर झाले, आणि ते सगळे बोल्टांच्या २० चौ. सेंमीमधून निघणार. म्हणजे ५०० मायक्रोॲम्पियर प्रति चौ. सेंमी, वर्षाला साडेपाच मिलिमीटरच्या वर. पत्रा बारा महिने ओला नसतो आणि ओलाव्याचा थर पातळ असला की लांबचा करंट पोचत नाही, म्हणून प्रत्यक्षात इतकं होत नाही. पण वरळी, वर्सोव्याकडच्या गच्च्यांवर चार पावसाळ्यांनी बोल्टांची डोकी का गळून पडतात, ते यावरून कळावं. उलट केलं, म्हणजे मोठी एमएस प्लेट आणि स्टेनलेसचे चार बोल्ट, तर झीज मोठ्या जागेवर वाटली जाते आणि जोड टिकतो. बोल्ट नेहमी प्लेटच्या नंतर यादीत येणाऱ्या धातूचा.

आता रंग. सांगितलं की कोणाला पटत नाही. स्टेनलेस आणि एमएस एकत्र असतील तर गंजणारं एमएस रंगवावं असं मन सांगतं. त्या रंगाला टाचणीएवढं भोक पडलं की सगळा करंट त्या भोकातून निघतो. रंगवण्याआधी झीज सगळीकडे थोडी थोडी होत होती, आता ती एका जागी खोल जाते. रंगवायचंच तर दोन्ही रंगवा, आणि एकापुरतेच पैसे असतील तर स्टेनलेस रंगवा. त्याने करंट ओढणारी जागाच कमी होते. मालकाला हे समजावणं तुमच्या नशिबी आहे.

टाकीवरचा जोड पाहा. पितळी व्हॉल्व्ह, त्यानंतर जीआयचं (जस्त चढवलेल्या लोखंडाचं) निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला आखूड तुकडा, पुढे जीआय पाइप. गळती जवळजवळ नेहमी निपलाच्या आट्यांतून सुरू होते. आटे पाडताना तिथली भिंत कापली गेलेली असते, जस्ताचा थर गेलेला असतो, आणि पितळ अगदी खेटून असतं. आपल्याकडे तलावांतून येणारं पिण्याचं पाणी क्षाराने कमी, त्यामुळे या बॅटरीची पोच जोडापासून थोड्याच अंतरापर्यंत. पण फ्लशिंगला खारट बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत ती पोच लांबते आणि पाइप आतून दूरवर पोखरतो. दोन पितळी व्हॉल्व्हच्या मधे एकटं जीआय निपल कधीच लावू नका. इन्सुलेटिंग युनियन (दोन धातूंना एकमेकांपासून तोडणारा जोड) लावा, नाहीतर लाइनच प्लॅस्टिकची करा.

हीच गोष्ट आपल्या बाजूने वळवता येते. १८७५ साली बांधलेल्या ससून डॉकमध्ये दुरुस्तीला वर काढलेल्या बोटींच्या सुकाणूजवळ जस्ताचे ठोकळे दिसतील. लोखंडाऐवजी ते झिजतात. ब्रिटिश नौदलाच्या तांबं मढवलेल्या जहाजांसाठी हम्फ्री डेव्ही यांनी ही युक्ती १८२४ मध्ये मांडली. उबदार समुद्रात उघड्या पोलादाला वाचवायला साधारण १०० मिलिॲम्पियर प्रति चौ. मीटरच्या आसपास करंट लागतो, चांगल्या रंगाखाली त्याचा छोटासा अंश. म्हणून इथे रंग आणि जस्त एकमेकांना मदत करतात. फक्त बोट रंगवताना पोऱ्याने ठोकळ्यावरही ब्रश फिरवला की सगळं मुसळ केरात. ठोकळ्यावर कागदी टेप चिकटवा, मग रंगाचा डबा उघडा.

जास्त करंट दिला म्हणजे जास्त संरक्षण, असंही नाही. जमिनीतल्या पाइपलाइनला कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या (मोजमापाचा संदर्भ) तुलनेत उणे ८५० मिलिव्होल्ट हा मापदंड. त्याच्या फार खाली ढकललं की पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो, कोटिंग सुटतं, आणि कडक पोलाद ठिसूळ होतं. १०.९ किंवा १२.९ ग्रेडचे बोल्ट झिंक प्लेटिंगला पाठवलेत, तर प्लेटिंगनंतर भट्टीत बेकिंग केलंय का ते विचारूनच घ्या. नाहीतर कसल्यावर दुसऱ्या दिवशी बोल्ट आपोआप तुटून खाली पडलेला सापडेल.

पायरी ४: स्लॅबच्या दुरुस्तीत शेजारची सळई तपासा

समुद्राकाठच्या जुन्या इमारतीत ठरलेला क्रम असतो. छताचा पोपडा पडतो, ठेकेदार तेवढाच भाग तोडतो, सळई घासतो, नवा मॉर्टर भरतो. दोन-तीन वर्षांत पॅचच्या कडेला, हातभर अंतरात, नवा पोपडा. सोसायटीची सभा ठेकेदाराला चोर ठरवते, आणि कधी कधी तो असतोही. पण प्रामाणिक कामातही हे होतं. जुनी गंजणारी जागा आजूबाजूच्या सळईला नकळत वाचवत होती, कारण करंट तिथून निघून शेजारी शिरत होता. पॅचमधल्या ताज्या, क्लोराइड नसलेल्या मॉर्टरमध्ये ती सळई शांत झाली. शेजारच्या काँक्रीटमध्ये मीठ तसंच आहे, आता गंजायची पाळी त्या सळईची. शिवाय पॅचमधली सळई कॅथोड (करंट शिरतो ती बाजू) होऊन तिला घाई करते.

काँक्रीटमधल्या सळईसाठी मोजपट्टी अशी: ०.१ मायक्रोॲम्पियर प्रति चौ. सेंमीच्या खाली गंज नगण्य, ०.५ पर्यंत कमी, १ पर्यंत मध्यम, १ च्या वर जोरात. आकडे लहान वाटतात, पण गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी झीजही कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, फोडायला पुरते.

करायचं काय? पोपड्यापुरतं तोडून थांबू नका. सळईमागेही बोट जाईल इतकं काँक्रीट काढा, आणि कडेच्या काँक्रीटमधलं क्लोराइड तपासून घ्या. पॅचच्या परिघावर सळईला बांधायचे जस्ताचे छोटे ॲनोड (सळईऐवजी झिजणारे तुकडे) मिळतात, ते मॉर्टर भरण्याआधी बांधा. अंदाजपत्रक थोडं वाढतं. पुढची परांची लांबते, म्हणून मी आग्रहाने सांगतो.

पायरी ५: बाहेरून आलेला करंट

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हार्बर मार्गावर विजेची पहिली गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. २०१६ मध्ये हार्बरवरचा डीसी बंद होईपर्यंत मुंबईत हा प्रकार चालू होता. डीसीत करंट रुळांतून सबस्टेशनला परततो, पण रूळ जमिनीपासून पूर्ण तुटलेले नसतात. काही करंट मातीत झिरपतो, सोयीचा पाइप दिसला की त्यात शिरतो आणि सबस्टेशनजवळ बाहेर पडतो. बाहेर पडतो तिथेच भोक. रुळांलगत जुनी लोखंडी लाइन उघडलीत आणि बाकी पाइप ठणठणीत असून एकाच टप्प्यात वाटीसारखे स्वच्छ खड्डे दिसले, तर हा इतिहास आठवा.

आज डीसीचा चोर जवळपासच असतो: वेल्डिंग मशीन. पाण्यात तरंगणाऱ्या बोटीवर वेल्डिंग चाललंय, मशीन धक्क्यावर आहे, आणि रिटर्नची क्लॅम्प धक्क्यावरच्या एखाद्या लोखंडाला अडकवली आहे. मग करंट बोट आणि धक्का यांच्यामधल्या समुद्रातून परत जातो. रिटर्न केबल नेहमी जॉबलाच, वेल्डपासून हातभर अंतरात.

रेल्वे आता २५ किलोव्होल्ट एसीवर आहे, म्हणून सुटलो असं समजू नका. एसीने गंज होत नाही हा समज १९८६ मध्ये जर्मनीत एका गॅसवाहिनीने मोडला. एसी रेल्वेला समांतर टाकलेल्या, उत्तम प्लॅस्टिक कोटिंगच्या पाइपाला बारीक भोकांशी खड्डे सापडले. कोटिंग जितकं चांगलं, तितकी उघडी जागा कमी आणि तिथली घनता जास्त. ढोबळ सीमा: ३० ॲम्पियर प्रति चौ. मीटरच्या खाली सहसा धोका कमी, १०० च्या वर गंज अपेक्षितच. एक चौ. सेंमीच्या गोल भोकावर १० व्होल्ट एसी असेल आणि मातीची रेझिस्टिव्हिटी (करंटला होणारा विरोध) २५ ओहम-मीटर असेल, तर सुमारे ९० ॲम्पियर प्रति चौ. मीटर. खाडीकाठच्या ५ ओहम-मीटर चिखलात त्याच व्होल्टेजला साडेचारशे. म्हणून नुसतं व्होल्टेज लिहून आणू नका, शेजारी पुरलेल्या एक चौ. सेंमीच्या कूपनमधला (पाइपाला जोडलेल्या पोलादाच्या नमुना तुकड्यातला) करंट मोजा.

पायरी ६: कोरडे जोड

लग बसबारवर टेकलेला दिसतो तेवढा टेकलेला नसतो. दोन्ही पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत, त्यामुळे खरा स्पर्श दिसणाऱ्या जागेच्या काही टक्केच. आणि हा खरा स्पर्श लगच्या आकारावर फारसा अवलंबून नसतो, तो बोल्टच्या दाबावर ठरतो. मोठा लग ढिला लावण्यापेक्षा योग्य मापाचा लग टॉर्क रेंचने कसलेला बरा.

चांगल्या जोडाचा रेझिस्टन्स ०.०२ मिलिओहम असेल तर १०० ॲम्पियरला २ मिलिव्होल्ट पडतात आणि ०.२ वॅट उष्णता होते. तोच जोड ०.५ मिलिओहमवर गेला की ५० मिलिव्होल्ट आणि ५ वॅट, तेही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. तांब्याच्या जोडावर १२० मिलिव्होल्टच्या सुमाराला स्पर्शबिंदू मऊ पडतात, ४३० ला वितळतात. चालू पॅनेलवर मिलिव्होल्ट मोजणं परवानाधारक माणसाचंच काम, नवख्याने हात घालू नये.

ॲल्युमिनियमच्या केबलला तांब्याच्या पट्टीवर नेताना तिन्ही दुखणी एकदम येतात: हवेत क्षणात जमणारा ऑक्साइड, दाबाखाली हळूहळू पसरणारा मऊ धातू, आणि पावसाळ्यात दमट मीटर रूममध्ये तांब्याशी होणारी बॅटरी. बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं), जॉइंटिंग कंपाउंड आणि शंकूच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर. यांतलं एकही वगळू नका.

थर्मल कॅमेऱ्याने पाहताना चकचकीत तांबं फसवतं, ते खऱ्यापेक्षा थंड दिसतं. लगशेजारच्या केबलच्या इन्सुलेशनवर नेम धरा आणि तिन्ही फेज एकमेकांशी ताडून पाहा. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून अर्ध्या लोडला दिसणारी तापमानवाढ पूर्ण लोडला साधारण चौपट होईल. मे महिन्यात रात्री, सगळे एसी चालू असताना तपासणी करा.

पायरी ७: मोटरचं बेअरिंग

लिफ्ट आणि पाण्याचे पंप आता व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) चालतात, आणि त्यातून शाफ्टवर व्होल्टेज बसतं. ग्रीसचा थर तोडून करंट बॉल आणि रिंगमधल्या ठिपक्याएवढ्या जागेतून उडी मारतो. तिथे ०.१ ॲम्पियर प्रति चौ. मिमीपर्यंत सहसा त्रास नाही, १ च्या जवळ गेलं की आयुष्य झपाट्याने घटतं. आधी आवाज येतो, ग्रीस काळं पडतं, आणि माणसं महागडं ग्रीस भरतात. रोग रेड्याला, औषध पखालीला.

निकामी बेअरिंग भंगारात टाकण्याआधी बाहेरची रिंग कापून घ्या, पुसा, आणि आतली वाट तिरप्या उजेडात धरा. धुण्याच्या लाकडी फळीवर असतात तसे समान अंतरावरचे आडवे पट्टे दिसले, तर ते करंटचं काम समजा. कुठल्याशा कोनात सुट्टे खड्डे असतील तर आधी अलाइनमेंट आणि लोड पाहा. पट्टे असतील तर नवं बेअरिंग मागवतानाच शाफ्टसाठी ग्राउंडिंग रिंग मागवा, मागच्या टोकाला इन्सुलेटेड बेअरिंग घाला, आणि ड्राइव्हपासून मोटरपर्यंतच्या केबलची शील्ड दोन्ही टोकांना गोलाकार क्लॅम्पने अर्थ झालीय का ते डोळ्यांनी पाहून या.